थांबण्याच्या जागा : प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर

आजपासून काम सुरू. सार्वजनिक जागी ध्यानीमनी नसताना जे संगीत कानावर पडतं ते टिपायचं, ते कुठून येतं याचा छडा लावायचा आणि शेवटी एक नकाशा करायचा. कुठं उभं राहिलं की ऐकू येईल, एवढंच त्या नकाशानं सांगायचं.

पहिली बैठक 'कशाला घ्यायचं आणि कशाला नाही' यातच गेली. स्पीकरवर लावून ठेवलेली गाणी घ्यायची नाहीत, यावर मी अडून बसलो. दुकानांत, लिफ्टमध्ये, कार्यालयांत वाजणारं ते संगीत मुळात कुणी कान देऊ नये म्हणूनच वाजवलेलं असतं. असं संगीत पुरवणाऱ्या कंपनीचं 'म्युझॅक' हे नाव १९३४ सालचं. पुढं त्या कंपनीनं कामगारांचा उत्साह टिकावा म्हणून पाव तास संगीत आणि पाव तास शांतता अशी आखणी केली, त्या पाव तासातही गाण्यांचा जोर हळूहळू चढत न्यायचा. विचार करून केलेलं काम आहे, पण त्यात ऐकणाऱ्याला काही सापडत नाही. आपल्याला सापडणं हवं आहे.

मग मैत्रिणीनं तैवानच्या कचरागाड्यांचा मुद्दा काढला. तिथं गाडी आली की बीथोव्हेनचं 'फ्युअर एलिझे' किंवा बादाझेव्स्काचं 'अ मेडन्स प्रेअर' वाजतं आणि लोक पिशव्या घेऊन खाली उतरतात. हे धरायचं का? नवख्या माणसाला ते रस्त्यात अचानक भेटलेलं पियानोचं गाणं असतं. तिथं राहणाऱ्याला ती घंटा असते. म्हणजे अनपेक्षितपणा आवाजात नसतो, ऐकणाऱ्यात असतो. तेव्हा प्रत्येक नोंदीत 'कुणाला' हा रकाना ठेवायचं ठरलं. रोजच्या वाटसरूला काय ऐकू येतं आणि पहिल्यांदा आलेल्याला काय, दोन्ही विचारायचं.

९ नोव्हेंबर

भुयारी मार्ग. दोन हातांचा आहे, मध्ये काटकोनात वळतो. तिथं संध्याकाळी एक काका माउथ ऑर्गन वाजवत बसतात. मी जिना उतरत होतो तेव्हा सूर आधी आला, आणि कुठून येतोय ते मात्र कळेना. फरशी, भिंती, छत सगळं गुळगुळीत आणि टणक, त्यामुळं आवाज इतक्या ठिकाणांहून परतत होता की दिशाच उरली नव्हती. वळणाशी पोचेपर्यंत मला वाटत होतं, दोघं-तिघं वाजवताहेत.

काकांशी तासभर बोलणं झालं. सगळी गर्दी जिन्याच्या तोंडाशी असते, तर तुम्ही इथं आत का बसता, असं मी विचारलं. त्यांनी सांगितलेलं शब्दशः लिहून ठेवतो:

"तोंडाशी माणूस घाईत असतो. वळणावर त्याला मुद्दाम थांबावं लागत नाही, पाय आपोआपच हळू होतात. समोरून कोण येतंय ते दिसत नाही ना. तेवढ्या वेळात माझी एक ओळ पूर्ण होते."

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली, ती रेकॉर्डरवरही स्पष्ट आली आहे. जलद तान घेतली की आधीचा सूर विरायच्या आत पुढचा त्याच्यावर चढतो आणि सगळ्याचा चिखल होतो. म्हणून ते इथं विलंबितच वाजवतात आणि एक सूर सोडून त्याचा पंचम धरतात. मग मागे रेंगाळलेला सूर आणि नवा सूर आपसात जुळतात, साथीला कुणी असल्यागत. बाहेर मोकळ्यावर हेच कोरडं वाटतं, तिथं ते ठेक्याची गाणी घेतात. जागेनं त्यांच्या वादनाचा ढंगच ठरवून दिला आहे. कित्येक वर्षं त्या वळणावर काढल्याशिवाय हे हाताला येत नाही.

ध्वनिमुद्रण करा, पण चेहरा नको, असं त्यांनी सांगितलं. तसंच होईल.

१० नोव्हेंबर

काकांचं ते वळणाचं वाक्य डोक्यातून जात नाही, आणि त्यामुळं व्हायोलिनवादक जोशुआ बेलच्या प्रयोगाकडं मला पुन्हा वळावं लागलं. १२ जानेवारी २००७, वॉशिंग्टनचं लाँफाँ प्लाझा मेट्रो स्टेशन, सकाळी आठच्या सुमारास. 'वॉशिंग्टन पोस्ट'नं घडवून आणलेला प्रयोग. डोक्यावर टोपी घातलेला बेल १७१३ सालच्या स्ट्राडिव्हेरियस व्हायोलिनवर ४३ मिनिटं वाजवत राहिला, सुरुवात बाखच्या 'शाकोन'नं केली. समोरून १,०९७ माणसं गेली. निदान मिनिटभर थांबली ती सात. २७ जणांनी पैसे टाकले, तेही बहुतेकांनी चालता चालता. जमले ३२ डॉलर १७ सेंट. त्यावर 'पोस्ट'मध्ये आलेल्या लेखाला पुढच्या वर्षी पत्रकारितेचं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

तेव्हापासून हा किस्सा 'लोकांना सौंदर्याची कदर उरली नाही' याचा पुरावा म्हणून सांगितला जातो. मला हे मुळीच पटत नाही. ऑफिसच्या वेळेला स्टेशनातून बाहेर पडायच्या वाटेवर, सरकत्या जिन्यानं मागून माणसं लोटत असताना, थांबणं म्हणजे मागच्याच्या पायात येणं. तिथं थांबायला कदर पुरत नाही, जागा आणि उसंत दोन्ही लागतात. सात जण थांबले, हेच मला मोठं वाटतं.

त्या लेखातली दुसरी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. जाणारं प्रत्येक लहान मूल थांबून बघू पाहत होतं, आणि प्रत्येक वेळी आई किंवा बाबा त्याला ओढून पुढं नेत होते. घड्याळ मोठ्यांच्या मनगटावर होतं, एवढाच त्यातला फरक.

२०१४ मध्ये बेलनं त्याच शहरातल्या युनियन स्टेशनात वाजवलं, या वेळी आधी जाहीर करून. स्टेशन भरून गेलं. चांगलं झालं, पण ती मैफल होती. आपण जे शोधतो आहोत ते या दोन टोकांच्या मध्ये कुठं तरी आहे: जाहीर न केलेलं, तरी थांबता येईल अशा जागी.

नोंदीच्या तक्त्यात 'उभं राहायला जागा' हा रकाना वाढवला.

१७ नोव्हेंबर

रेल्वेगाडी सुटतानाचा आवाज. सूर कुणी लावलेला नसताना ऐकू येतो, त्याचं हे मला सर्वांत आवडणारं उदाहरण, म्हणून आज सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. इथंही लिहून ठेवतो, नकाशाच्या पुस्तिकेत उपयोगी पडेल.

विजेच्या गाडीच्या मोटरला सगळा प्रवाह एकदम देता येत नाही. तो तुकडे करून, चालू-बंद चालू-बंद असा द्यावा लागतो, आणि गाडी वेग घेईल तसा हा चालू-बंदचा वेग बदलत जातो. सेकंदाला काही शे वेळा प्रवाह तुटत असेल, तर मोटर आणि तिच्याभोवतीचं लोखंड तितक्याच वेगानं थरथरतं. सेकंदाला काही शे कंपनं म्हणजे थेट आपल्या गळ्याची पट्टी. म्हणून ऐकू येतं.

कॅनडातल्या माँट्रियलच्या मेट्रोत १९७६ साली आलेल्या गाड्यांचं उदाहरण बघण्यासारखं आहे. त्यांचा प्रवाह तुटण्याचा वेग सेकंदाला ९०, १२०, १८०, २४०, ३६० वेळा अशा पायऱ्यांनी चढायचा आणि शेवटच्या तीन पायऱ्या फलाटावर स्पष्ट ऐकू यायच्या. आता १८०, २४०, ३६० हे आकडे गाणाऱ्याच्या नजरेनं बघा. २४० ला षड्ज धरला तर १८० हा बरोबर मंद्र पंचम आणि ३६० हा मध्य पंचम. पं, सा, प! अभियंत्यांनी सोयीचे सरळ आकडे घेतले आणि सरळ आकड्यांच्या गुणोत्तरांतूनच सुसंवाद जन्माला येतो. तिकडचे लोक त्यात अमेरिकन संगीतकार ॲरन कोपलंडच्या 'फॅनफेअर फॉर द कॉमन मॅन'चे पहिले तीन स्वर ऐकतात, तेही बरोबरच आहे; तिथंही हीच अंतरं आहेत. प्रवाशांचा जीव या स्वरांत इतका गुंतला की पुढं दार बंद होतानाच्या सूचनेसाठीही हेच तीन स्वर घेतले.

सीमेन्स या जर्मन कंपनीच्या अभियंत्यांनी हे जाणूनबुजून केलं. ऑस्ट्रियातली त्यांची 'टाऊरस' इंजिनं सुटताना पायरी-पायरीनं स्वरसप्तक चढतात. जपानच्या केइक्यू रेल्वेच्या काही गाड्यांतही सीमेन्सची तीच यंत्रणा होती. लोक त्यांना 'डो-रे-मी-फा' गाड्या म्हणायचे. त्यातली शेवटची २०२१ साली गप्प झाली. नव्या उपकरणांत प्रवाह कितीतरी जास्त वेगानं तुटतो, त्यामुळं ते चढणारे सूर राहत नाहीत. यंत्र सुधारलं, वीज वाचली, हे सगळं मान्य. पण कुणी तरी त्या गाड्यांचे आवाज वेळेवर टिपून ठेवले याचं मला फार बरं वाटतं, आणि आपलं काम त्याच जातीचं आहे.

२१ नोव्हेंबर

सरकते जिने आणि लिफ्ट. दिवसभर फिरलो. गुणगुण भरपूर, सूर एकही टिकत नाही. एका सरकत्या जिन्याचा कठडा दर फेरीला एकदा कुरकुरतो, त्यात ठेका आहे. पण ठेका ऐकायला तिथं उभं राहता येत नाही. यादीतून वगळलं.

२८ नोव्हेंबर

जिना गातो!

मोठ्या इमारतीसमोरचा रुंद दगडी जिना. शेजारी जमिनीतल्या जाळीतून हवा बाहेर टाकणारा पंखा आहे, त्याची सलग 'स्स्स' चालू असते. जाळीपाशी, जिन्याकडं तोंड करून, उभं राहिलं तर त्या फुसफुशीत एक अंधुक पण ठाम सूर ऐकू येतो. दोन पावलं बाजूला सरकलं की गेला. परत आलं की आहे. जिन्याकडं पाठ केली तरी पुसट होतो. आमच्यातल्या ध्वनिमुद्रकाला आधी भास वाटला. हेडफोन लावून त्यानं रेकॉर्डर हळूहळू फिरवला आणि मग कितीतरी वेळ तिथून हललाच नाही.

कारण जुनंच आहे आणि मोठं देखणं आहे. आवाज प्रत्येक पायरीच्या उभ्या भागावर आपटून परत येतो. मागची पायरी पुढच्यापेक्षा ३० सेंटिमीटर दूर, म्हणजे तिच्यावरून परतणाऱ्या आवाजाला जाऊन-येऊन ६० सेंटिमीटर जास्त चालावं लागतं. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, तेव्हा हे परतणारे आवाज एकामागोमाग सेकंदाला ५७० च्या आसपास या वेगानं कानावर येतात. इतक्या नियमित येणाऱ्या गोष्टीला कान सूर समजतो. ट्यूनरवर तो काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मध्ये, वरच्या सप्तकात पडतो. हिशेब जुळला.

हे पहिल्यांदा टिपलं डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हॉयगेन्सनं, १६९३ साली, फ्रान्समधल्या शाँतियीच्या बागेत. कारंज्याचा आवाज आणि समोर दगडी जिना. त्यानं पायऱ्यांची खोली मोजली, ती भरली १७ इंच. मग कागदाची तेवढ्याच लांबीची नळी गुंडाळून फुंकून पाहिली, आणि सूर तोच! पुढं हिवाळ्यात पायऱ्या बर्फानं झाकल्या गेल्या तेव्हा कारंजं वाजत असूनही सूर नाहीसा झाल्याचं त्यानं नोंदवलं. दुर्बिणी आणि लंबकाची घड्याळं घडवणारा माणूस बागेत उभा राहून कागदाची नळी फुंकतो आहे, हे चित्र मला दिवसभर पुरलं.

बर्फाचं काम आमच्या जिन्यावर माणसं करतात. दुपारी कॉलेजची मुलं पायऱ्यांवर पसरून बसली तेव्हा सूर पूर्ण गेला. ती उठली, पाच-सहाच उरली, तेव्हा तो तुटक तुटक परत आला. नकाशावर वेळ टाकावी लागेल: सकाळी लवकर.

टाळी वाजवून बघितली तर चिमणी चिवचिवावी तसा बारीक आवाज परत येतो, शेवटी किंचित उतरणारा. वरच्या पायऱ्यांपर्यंतची वाट तिरकी होत जाते, परतणाऱ्या आवाजांतलं अंतर वाढतं, म्हणून ती उतरती मींड.

५ डिसेंबर

पादचारी पुलाच्या कठड्याला आडव्या ताणलेल्या तारा आहेत, ५ मिलिमीटर जाडीच्या. वारा असला की वाजतात. तारेवरून वारा जाताना तिच्यामागं एकदा वर, एकदा खाली असे भोवरे सुटतात; ते सेकंदाला किती सुटतात, ते वाऱ्याच्या वेगाला ०.२ नं गुणून तारेच्या जाडीनं भागलं की मिळतं. १८७८ साली विन्सेन्स स्ट्रूहाल या भौतिकशास्त्रज्ञानं हे प्रयोगानं मांडलं. सेकंदाला ६ मीटर वारा असेल तर २४० कंपनं. म्हणजे माँट्रियलच्या गाडीचा षड्ज! योगायोग आहे, पण मी खूश झालो.

हिशेबानं वारा वाढला की सूर चढायला हवा, आणि साधारण तसाच चढतो. पण मध्येच एक गंमत होते. भोवऱ्यांचा वेग तारेच्या स्वतःच्या कंपनाशी जुळला की तार त्या सुरावर अडून बसते. वारा थोडा कमी-जास्त झाला तरी ती सूर सोडत नाही, उलट मोठ्यानं वाजते. मग वारा फारच बदलला की सुटते आणि पुढच्या सुरावर जाऊन बसते. म्हणून पुलावर सरकता घुमारा कमी आणि ठहराव जास्त ऐकू येतात. हात ठेवला की थरथर तळव्याला जाणवते, जोरात धरलं की थांबते. त्या वेळी पुलावर गस्तीवर असलेल्या पहारेकऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "पावसाच्या आधी गातो. आम्हाला त्यावरून छत्री घ्यायची कळते."

'कुणाला' या रकान्यात आजवरची सर्वांत चांगली नोंद ही.

१२ डिसेंबर

आज कडाक्याचा वाद. प्रश्न साधा: प्रत्येक जागी पाटी लावायची की नाही? दोघांचं म्हणणं असं की पाटी नसेल तर कुणाला कळणारच नाही, मग एवढं काम कुणासाठी? त्यांचं म्हणणं मला खोडून काढता येत नाही. तरीही पाटीला माझा विरोध आहे. 'येथे जिना गातो' असं वाचून उभा राहिलेला माणूस जिना ऐकत नाही, पाटी खरी आहे का ते तपासतो.

मी मॅक्स न्यूहाउस या ध्वनिकलाकाराचं उदाहरण दिलं. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये, ब्रॉडवेवर ४५ आणि ४६ क्रमांकाच्या रस्त्यांच्या मध्ये वाहतूक बेटावर लोखंडी जाळी आहे. तिच्याखालून १९७७ पासून घंटेच्या लांबलेल्या नादासारखा एक दाट आवाज येतो. १९९२ मध्ये तो बंद पडला, २००२ मध्ये पुन्हा सुरू झाला. पाटी नाही, नाव नाही. तशीच न्यूहाउसची इच्छा. हजारो लोक त्याला खालच्या मेट्रोचं यंत्र समजून जाळीवरून चालत जातात. कुणी एखादा थबकतो, आणि ज्याला तो नाद सापडतो त्याला तो स्वतःचा शोध वाटतो. तसा तो असतोही.

फ्रेंच संगीतकार एरिक सातीला तर उलटा अनुभव आला. ८ मार्च १९२०, पॅरिस. नाटकाच्या मध्यंतरात त्याचं 'फर्निचर संगीत' वाजणार होतं; कान देऊ नका, फिरा, बोला, असं आधीच सांगितलेलं. वादक दालनाच्या कोपऱ्यांत बसवलेले. संगीत सुरू झालं आणि लोक गप्प होऊन जागेवर जाऊन बसले. साती बिचारा 'बोला, फिरा, ऐकू नका' म्हणत त्यांच्यामध्ये फिरत राहिला. एकदा जाहीर केलं की लोक ऐकतातच, आणि ऐकायला बसतात.

यावर मैत्रिणीनं झादारचं समुद्र-ऑर्गन पुढं केलं, आणि तिचा मुद्दा वजनदार होता. क्रोएशियातल्या त्या किनाऱ्यावर निकोला बाशिचनं २००५ साली ७० मीटर लांब पायऱ्या बांधल्या, खाली ३५ नळ्या. लाटा हवा ढकलतात आणि पायऱ्यांतल्या भोकांतून सूर येतात. जगभरातून लोक मुद्दाम ते ऐकायला जातात. सगळं ठाऊक असतं, तरी तासन् तास बसून राहतात, कारण लाट पुढं काय वाजवेल ते कुणालाच सांगता येत नाही. "म्हणजे माहिती असण्यानं सगळंच जात नाही," ती म्हणाली. बरोबर आहे. पण तिथंही मला दिसतं ते हे, की बाशिचनं आधी बसायला पायऱ्या दिल्या.

निर्णय झाला नाही. रात्री मला न्यूहाउसचंच जुनं काम आठवलं. १९६६ मध्ये त्यानं कार्यक्रमाला आलेल्या लोकांच्या हातावर 'ऐका' एवढाच शिक्का मारला आणि काही न बोलता त्यांना रस्त्यांवरून चालवत नेलं. कुठं ऐकायचं ते पावलांनी सांगितलं. काय ऐकायचं ते सांगितलंच नाही.

१३ डिसेंबर

सकाळीच सगळ्यांना कळवलं: पाटी नको, फक्त जमिनीवर दोन पावलांची खूण. उभं कुठं राहायचं आणि तोंड कुणीकडं, एवढंच त्यातून कळेल. नकाशावर वेळ आणि हवामान. कारण आणि हिशेब पुस्तिकेच्या मागच्या पानांत, ज्याला हवे तो वाचेल. मैत्रीण लगेच हो म्हणाली. दुसऱ्या सहकाऱ्याचं म्हणणं, ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी पावलं उंचवट्याची हवीत. अगदी हवीत. हे माझ्या मनात आलं नव्हतं आणि याहून चांगली सूचना या प्रकल्पात झालेली नाही.

२० डिसेंबर

ओळखीच्या काही जणांना खडूनं काढलेल्या पावलांवर उभं केलं. काय ऐकू येईल ते सांगितलं नाही. जिन्यासमोर एक आजी डोळे मिटून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कुणी तरी तंबोरा लावतंय, पण लांब." त्यांच्या नातवाला काहीच ऐकू आलं नाही, त्याला पंख्याची जाळी आवडली आणि तो तिच्यावर हात धरून वाऱ्याशी खेळला. एका गृहस्थांना सूर नाही, पण आपलंच पाऊल परत येताना ऐकू आलं आणि ते चार वेळा मागं-पुढं चालले. तेही नोंदवलं.

भुयारात मात्र पावलं काढायची गरज पडली नाही. वळणाशी सगळे आपणहून हळू झाले.

२३ डिसेंबर

पुलाच्या देखभालीचं पत्र आलं. तारांना गंज धरतो म्हणून पुढच्या महिन्यात सगळ्या तारांवर प्लास्टिकची नळी चढवणार आहेत. तारेची जाडी दुपटीच्या वर जाईल, वर मऊ आवरण, म्हणजे सूर निम्म्याच्याही खाली जाईल आणि बहुधा मरेलच. सुरक्षेचं काम आहे, त्याला आडवं जायचं नाही.

आज अर्ज दिला: दोन खांबांमधला एक गाळा, उत्तरेकडचा, नळीऐवजी गंजरोधक लेप लावून ठेवावा. सोबत ध्वनिमुद्रण, जाडीचा हिशेब आणि पहारेकऱ्यांचं छत्रीचं वाक्य जोडलं आहे. उत्तर येईपर्यंत वारा असेल त्या प्रत्येक संध्याकाळी कुणी ना कुणी रेकॉर्डर घेऊन पुलावर जायचं. पाळ्या लावून झाल्या, उद्याची माझी.